ग्रीस आणि पाश्चात्त्य संस्कृतीचा ‘पाया’: लिहिताना या चुका टाळा

मिसळीचा कट अफलातून, कुणाचा कव्हर ड्राइव्ह अफलातून, लग्नातली पंगत अफलातून. दिवसातून चारदा हा शब्द वापरताना आपण प्लेटोचं नाव घेतोय, हे आपल्या गावीही नसतं. ग्रीकमधला ‘प्लातोन’ अरबीत गेला. अरबीत ‘प’ नाही आणि शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून त्याचा ‘अफलातून’ झाला आणि फारसीच्या वाटेने तो मराठीत येऊन बसला. इंग्रज यायच्या कितीतरी आधी.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं माझ्याकडे निबंध तपासायला आणतात. ‘प्राचीन ग्रीस: पाश्चात्त्य संस्कृतीचा पाया’ हा त्यांचा हुकमी विषय. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, लोकशाही, ऑलिंपिक, झाला निबंध. अशा निबंधांच्या समासात लाल पेनाने जे पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, ते एकदा इथे नीट मांडतो.

‘पाया’ हा शब्द जपून वापरा

पाया म्हटलं की डोळ्यांसमोर इमारत येते. खाली ग्रीस, त्यावर रोम, त्यावर रेनेसान्स (युरोपातलं प्रबोधन), वर आजचा युरोप-अमेरिका. मजल्यावर मजला, मध्ये कुठे खंड नाही. बहुतेक निबंध इथेच घसरतात, कारण मध्ये खंड आहे आणि तो शतकांचा आहे.

रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळल्यावर तिकडे ग्रीक वाचता येणारी माणसं जवळजवळ संपली. बोएथियस या रोमन विद्वानाने लॅटिनमध्ये आणलेले ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्राचे काही ग्रंथ आणि प्लेटोच्या एका संवादाचा अर्धामुर्धा अनुवाद, एवढ्या शिदोरीवर पश्चिम युरोपने कित्येक शतकं काढली. चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेट्रार्क याला होमरची एक ग्रीक पोथी भेट मिळाली. त्याला ती वाचता येईना. होमर माझ्यापुढे मुका आहे, किंवा मीच बहिरा आहे, असं त्याने पत्रात लिहिलं. तो पोथी कवटाळून उसासे टाकायचा. ज्या घराचा ‘पाया’ होमर, त्या घरातल्या सगळ्यात वाचलेल्या माणसाची ही अवस्था.

मग ग्रीक विद्या आली कुठून? एक वाट बगदादची. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या मंडळींनी ग्रीक वैद्य गॅलेनचं वैद्यक सिरियॅक आणि अरबी भाषांत आणलं. तिथून ही विद्या स्पेनपर्यंत पोचली. कोर्दोबाच्या इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिली. क्रेमोनाचा जेरार्ड टोलेडोला जाऊन अरबी शिकला आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ त्याने अरबीतून लॅटिनमध्ये उतरवला. त्या ग्रंथाला युरोप आजही ‘अल्माजेस्ट’ म्हणतो. त्यातला ‘अल’ अरबी, ‘मेगिस्टे’ म्हणजे ‘सर्वांत मोठा’ हे ग्रीक.

हे कळलं की विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘ग्रीक विद्या अरबांनीच वाचवली’ असं लिहून मोकळे होतात. तेही खोडावं लागतं. अरबी अनुवादकांना हवं होतं वैद्यक, गणित, खगोल, तत्त्वज्ञान. सोफोक्लिसच्या शोकांतिका आणि होमरची महाकाव्यं युरोपला मिळाली ती कॉन्स्टँटिनोपलमधून, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीतून, आजच्या इस्तंबूलमधून. तिथे ग्रीक कधी मेलीच नव्हती. पोथ्यांच्या नकला होत होत्या, पोरं होमर घोकत होती. १३९७ मध्ये मॅन्युएल क्रिसोलोरास तिथून फ्लोरेन्सला येऊन ग्रीक शिकवू लागला. म्हणजे १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडायच्या अर्धशतक आधीच ही शिकवणी सुरू झाली होती. ‘१४५३ मध्ये विद्वान पोथ्या घेऊन पळाले आणि रेनेसान्स झाला’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

मला विचाराल तर ‘पाया’पेक्षा ‘दत्तक’ हा शब्द इथे जास्त बसतो, फक्त उलट्या दिशेने. आपल्याकडे वारस नसला की घराणं मुलगा दत्तक घेतं. इथे वारसाने पूर्वज दत्तक घेतले, आणि तेही पारखून, हवे ते गुण ठेवून, नको ते अडगळीत टाकून. शिवाय जेरुसलेम आणि रोम हे दोन पूर्वज शेजारीच बसलेले. चर्च आणि रोमन कायदा यांचं नावही न घेता पाश्चात्त्य संस्कृतीवर दोन पानं लिहिता येतात, हे मी निबंध तपासायला लागल्यावरच पाहिलं.

‘ग्रीक लोक मानत असत की…’

हे शब्द दिसले की पेन थांबवा आणि विचारा: कुठले ग्रीक? कधीचे? ग्रीस नावाचा देश तेव्हा नव्हताच. शेकडो नगरराज्यं होती, आपापले कायदे, आपापली नाणी, बऱ्याचदा एकमेकांशी हाडवैर. अथेन्समध्ये चालेल ते स्पार्टात चालत नसे. स्पार्टातल्या बायकांच्या नावावर जमीन असायची. अथेन्समधल्या बाईला असा हक्क जवळजवळ नव्हता.

एक साधी चाचणी नकाशाची. तत्त्वज्ञानाचा आरंभ ज्याच्यापासून मोजतात तो थेल्स मिलेटसचा, इतिहासकार हिरोडोटस हालिकार्नाससचा. दोन्ही गावं आजच्या तुर्कस्तानात. आर्किमिडीज सिसिलीतल्या सिराक्यूजचा. युक्लिडने काम केलं ते इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. यातला एकही आजच्या ग्रीसच्या हद्दीत बसत नाही.

लोकशाहीचा घोटाळा

हा सगळ्यात मोठा, म्हणून जरा थांबू. ‘आजच्या लोकशाहीची जन्मभूमी अथेन्स’ हे वाक्य मी तपासलेल्या जवळपास प्रत्येक निबंधात असतं. क्लेइस्थेनिसच्या इ.स.पू. ५०८-५०७ मधल्या सुधारणांपासून अथेन्समध्ये लोकशाही उभी राहिली, हे ठीक. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले यांना मत नव्हतं, हेही मुलं पाठ करून लिहितात. पण ती लोकशाही चालायची कशी, हे कुणीच लिहीत नाही, आणि खरी गंमत तिथे आहे.

अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेतल्या संग्रहालयात दगडाची एक उभी पाटी आहे. तिच्यावर बारीक खाचांच्या ओळीच ओळी. हे ‘क्लेरोटेरिऑन’, चिठ्ठ्या टाकायचं यंत्र म्हणा ना. नागरिक आपल्या नावाची पट्टी खाचेत खोचायचा. बाजूच्या नळीत वरून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडायच्या. खाली पांढरी आली की ती अख्खी ओळ कामावर, काळी आली की ती अख्खी ओळ घरी. न्यायसभेतले लोक असे निवडले जात. ५०० जणांची परिषद चिठ्ठीनेच, बहुतेक अधिकारी चिठ्ठीनेच. मतदान करून निवडायचे ते मुख्यतः सेनापती, कारण लढाई नशिबावर सोडून चालत नाही. ॲरिस्टॉटलने तर सरळ नोंदवून ठेवलंय: चिठ्ठी ही लोकशाहीची रीत, निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची. या मापाने आपली विधानसभा निवडणूक त्यांच्या लेखी लोकशाहीत बसणार नाही!

दुसरी वस्तू खापराची. आपल्याकडे दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतात. अथेन्सवाले खापरावर नाव लिहायचे. वर्षातून एकदा, लोकांची तशी इच्छा असेल तर, डोईजड झालेल्या पुढाऱ्याला १० वर्षं हद्दपार करण्यासाठी हे मतदान होई. एकंदर ६,००० खापऱ्या पडाव्या लागत. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशा १९० खापऱ्या सापडल्या. बहुतेक सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लिस, आणि हस्ताक्षरं जेमतेम १४ जणांची. कुणीतरी बसून आधीच लिहून ठेवल्या होत्या, वाटायला. बूथबाहेर चिठ्ठ्या वाटणारे कार्यकर्ते आठवले ना? निबंधात हा एक परिच्छेद घातलात तर परीक्षक चष्मा पुसून पुन्हा वाचेल.

इथेच आणखी एक पाय घसरतो: लोकशाहीच्या कौतुकात प्लेटोचं नाव घेणं. प्लेटोला लोकशाहीचा तिटकारा होता. त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, इ.स.पू. ३९९ मध्ये विषाचा प्याला दिला तो याच चिठ्ठीने निवडलेल्या शेकडो नागरिकांच्या न्यायसभेने. आणि अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी अथेन्सकडे अनुकरणापेक्षा इशारा म्हणूनच जास्त पाहिलं. ‘रिपब्लिक’, ‘सिनेट’, ‘कॅपिटॉल’ हे सगळे शब्द रोमचे.

पांढरेशुभ्र पुतळे

‘शुभ्र संगमरवरातलं ग्रीक सौंदर्य’ असं लिहिलंत की चूक. पुतळे रंगवलेले असायचे, भडक म्हणता येतील असे लाल, निळे. आपल्या देवळांच्या शिखरांवर ऑइलपेंट पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. अथेन्सचं पार्थेनॉन हे देऊळ (इ.स.पू. ४४७ ते ४३२) त्याला अपवाद नाही, त्याच्या पश्चिमेकडच्या शिल्पांमधल्या आयरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर ‘इजिप्शियन ब्लू’ या निळ्याचे कण खास दिव्याखाली चमकतात.

मग पांढरं कसं झालं? थोडा पावसाचा प्रताप, थोडा आवडीचा. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनच्या काही शिल्पांवरचा तपकिरी थर तांब्याच्या हत्यारांनी खरवडला गेला, कारण नव्या दालनात ती पांढरी दिसायला हवी होती. दत्तक पूर्वजाला नातवाने आपल्या पसंतीचे कपडे चढवले, ते असे.

‘सगळं त्यांचंच’ आणि ‘सगळं आपलंच’

या दोन चुका जुळ्या बहिणी आहेत. पहिलीत ग्रीकांनी सगळं शून्यातून घडवलं असं असतं. त्यांची लिपीसुद्धा उसनी होती, फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतलेली. ‘अल्फा’ म्हणजे मुळात ‘आलेफ’, बैल, आणि ‘बीटा’ म्हणजे ‘बेत’, घर. ग्रीकांनी भर घातली ती स्वरांची.

दुसरी व्हॉट्सॲपवर जास्त फिरते: पायथागोरसने बौधायनाकडून उचललं. काटकोन त्रिकोणाचा संबंध बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी मापण्याच्या दोरीच्या भाषेत आहे, हे खरं. सुमारे इ.स.पू. १८०० च्या बॅबिलोनी मातीच्या विटेवरही त्या जातीच्या संख्या आहेत, हेही खरं. युक्लिडचं वेगळेपण सूत्र सापडण्यात नाही. गृहीतकं आधी मांडून, एकेक पायरी चढत सिद्धता देण्याच्या शिस्तीत आहे. उचलेगिरीचा पुरावा मात्र कुणाकडेच नाही.

देवाणघेवाणीचे खरे पुरावे हवेत तर ते हाताशी आहेत. ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे ज्योतिषातले शब्द ग्रीकमधून संस्कृतात आले. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं वराहमिहिराने मोकळेपणी म्हटलंय. ‘यवन’ मुळात आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आलेला शब्द. बखरींतला ‘मुसलमान’ हा अर्थ मनात ठेवून कार्ल्याच्या लेण्यातले शिलालेख वाचाल तर फसाल. तिथले खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिले, ते इस्लामच्या कितीतरी शतकं आधी. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्तीही निघाली. समुद्राचा देव, पंचगंगेच्या काठी!

सुविचार तपासून घ्या

‘हल्लीची मुलं उद्धट झालीत, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत – सॉक्रेटिस’. हा सॉक्रेटिस नव्हे. १९०७ च्या एका इंग्रजी प्रबंधात जुन्या ग्रीक तक्रारींचा गोषवारा दिला होता, तो पुढे त्याच्या तोंडी घातला गेला. सॉक्रेटिसने स्वतः एक ओळही लिहिली नाही. ‘उत्कृष्टता ही कृती नसून सवय आहे’ हे ॲरिस्टॉटलचं म्हणून भिंतीवर लागतं. ते शब्द विसाव्या शतकातल्या विल ड्युरंटचे, ॲरिस्टॉटलचा आशय सांगताना लिहिलेले.

उपाय सोपा आहे. प्लेटोच्या प्रत्येक उताऱ्याला १५७८ च्या छापील आवृत्तीवरून आलेला पृष्ठांक असतो, ॲरिस्टॉटलच्या उताऱ्याला १८३१ च्या बर्लिन आवृत्तीचा. भाषा कुठलीही असो, चांगल्या अनुवादात हे आकडे समासात छापलेले दिसतात. वचनासोबत तो आकडा मिळत नसेल, तर वचन निबंधात घालू नका.

किरकोळ, पण गुण जातात

इ.स.पू. पाचवं शतक म्हणजे ५०० ते ४०१. ‘५०० च्या आधीचं’ नव्हे. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य साल नाही, म्हणून इ.स.पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या लढाईला २,५०० वर्षं झाली ती २०११ मध्ये.

आणि त्या लढाईचा निरोप घेऊन धावत आलेला, ‘आपण जिंकलो’ म्हणून कोसळलेला वीर? हिरोडोटसमध्ये तो नाही. त्याच्याकडचा फिडिपिडीस लढाईआधी मदत मागायला स्पार्टाला धावतो, सुमारे २४० किलोमीटर. कोसळण्याची गोष्ट कितीतरी शतकांनंतरच्या लेखकांची. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्राचीन काळी नव्हतीच. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या सुचवणीवरून ती १८९६ मध्ये अथेन्सला प्रथम झाली आणि स्पिरिडॉन लुईस या ग्रीक माणसाने जिंकली, तेव्हा अंतर होतं साधारण ४० किलोमीटर. आज मुंबईत पहाटे उठून लोक जे ४२.१९५ किलोमीटर धावतात, ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं, विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या शाही आसनापर्यंतचं अंतर आहे.