पॅनमन निवृत्त होण्याआधी: कारखान्यातील जाणकारी कशी टिकवावी

साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये ‘पॅन’ या बंद भांड्यात, कमी दाबाखाली, सिरप म्हणजे आटवलेला रस उकळून साखरेचा दाणा तयार करणारा कामगार म्हणजे पॅनमन. मुरलेला पॅनमन पॅनमधला नमुना काढून काचेवर पसरतो, उजेडाकडे धरतो, बोटांत चोळून पाहतो आणि सिरप घ्यायचे की पाणी, हे क्षणात ठरवतो. व्हॅक्युम गेज आणि तापमापक समोर असतातच. तरीही चांगल्या दाण्याच्या मधे खोटा दाणा, म्हणजे नको असताना आपोआप तयार होणारे बारीक स्फटिक, पडू लागल्याचे त्याच्या डोळ्यांना आधी कळते. शाल-श्रीफळ घेऊन तो घरी गेला की ही नजरही त्याच्याबरोबर जाते.

ती टिकवायची असेल, तर निवृत्तीआधीचा एक पूर्ण गळीत हंगाम हाताशी हवा. हंगामाच्या तोंडाशी येणारा कोवळा ऊस, मधल्या थंडीतला पक्व ऊस आणि मार्चनंतर उन्हात वाळलेला ऊस यांचा रस पॅनमध्ये वेगवेगळा वागतो, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात उरकलेल्या नोंदी अपुऱ्याच राहतात. म्हणून पुढील दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी काढून प्रत्येक नावापुढे ‘हे काम आणखी कोणाला येते?’ याचे उत्तर लिहावे, आणि जिथे जागा कोरी राहील तिथून सुरुवात करावी.

पॅनमनला ‘तुम्हाला येते ते सगळे लिहून द्या’ असे मात्र कधीही सांगू नये. वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात बसलेली गोष्ट त्याला स्वतःलाही वेगळी काढून दाखवता येत नाही. त्याऐवजी एखादा बिघडलेला पॅन आठवायला सांगावा: ‘मामा, त्या रात्री पहिल्यांदा काय खटकले? काय केले? आणि काय करायचे मुद्दाम टाळले?’ माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण टाळलेली चूक कोणत्याही लॉगबुकात नोंदलेली नसते. खोटा दाणा पडल्यावर काय करता, याचे उत्तर बहुधा ‘पाणी देतो’ एवढेच येईल. तिथे न थांबता किती पाणी, कुठवर, दाणा धुतला गेल्याचे कशावरून ओळखता, आणि पाण्याऐवजी व्हॅक्युम थोडा उतरवून तापमान वाढवणे केव्हा बरे, असे एकेक विचारत जावे. उत्तरे त्याच्याच शब्दांत टिपावीत. चांगला आणि बिघडलेला दाणा काचेवर शेजारी शेजारी ठेवून मोबाइलने फोटो काढावा, कारण दाण्याचे रूप शब्दांत नीट उतरत नाही.

त्यानंतर पॅन शिकणाऱ्याच्या हाती द्यावा. जुन्या माणसाने शेजारी उभे राहून फक्त बोलावे. पाळी संपल्यावर त्या दिवसाची नोंद शिकणाऱ्याने लिहावी आणि जाणकाराने ती दुरुस्त करावी. शिकणाऱ्याने चुकीचे समजून घेतलेले वाक्य पाहिले, की जाणकाराला आपण काय सांगायचे विसरलो ते आपोआप आठवते.

या नोंदी कार्यालयातील संगणकात ठेवल्या, तर रात्रपाळीला त्यांचा काहीच उपयोग नाही. त्यांची वही पॅनजवळ असावी आणि प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाव व तारीख असावी. झेरॉक्स कंपनीने १९९०च्या दशकात यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या युक्त्या साठवण्यासाठी ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली, तेव्हा अनुभवी सहकाऱ्यांनी तपासलेली प्रत्येक युक्ती सुचवणाऱ्याच्या नावानिशीच नोंदवली जाई. ज्याचे ज्ञान आपण घेतो त्याचे नाव राखणे हे आपले देणेच आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीतील ७.१.६ हे कलम संस्थेच्या ज्ञानाविषयीच आहे, त्यामुळे हे प्रमाणपत्र असलेल्या कारखान्याला ही वही त्याच्या तपासणीतही (ऑडिटमध्ये) दाखवता येते.

दर वर्षी ऑफ-सीझनमध्ये, यंत्रांचे ओव्हरहॉलिंग चालू असताना, तिन्ही पाळ्यांच्या पॅनमननी एकत्र बसून वही वाचावी. एकेक घाण उकळून रिकामा करायच्या बॅच पॅनच्या जागी अखंड चालणारा कंटिन्युअस पॅन आला असेल, तर लागू न राहिलेल्या नोंदींवर तारखेसह रेघ मारावी. पान मात्र फाडू नये.