रोमन सुरईची सुटी मूठ हाती आली तर या चुका टाळा

रोमन काळातली अख्खी कांस्य सुरई क्वचितच मिळते. बहुतेकदा मिळते ती नुसती मूठ, किंवा मुठीच्या खालच्या टोकाचा मुखवटा. याचं कारण बनावटीत आहे. सुरईचं अंग पातळ असतं, ठोकून घडवलेलं किंवा ओतून मग कातावर (लेथवर) उतरवलेलं. बऱ्याच ठिकाणी त्याची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. मूठ मात्र मेणाच्या साच्यातून वेगळी ओतलेली, भरीव आणि जड. दोघांची जोडणी कित्येकदा केवळ शिसं-कथलाच्या मऊ डाखावर असे. अशा मिश्रणाचा डाख १८३ अंश सेल्सिअसपासूनच वितळू लागतो. भांडं विस्तवाला लागलं की मूठ निसटलीच, आणि नाही लागलं तरी जमिनीत डाख कुजतो. पुढे पातळ अंग चेपून, गंजून नाहीसं होतं किंवा जुन्या काळीच मोडीत जातं. मूठ उरते.

त्यामुळे सुट्या मुठीला ‘तुटका तुकडा’ म्हणून बाजूला टाकणं ही पहिली चूक. ती तुटलेली नसते, सुटलेली असते. सुटण्याच्या जागेवरच सगळ्यात जास्त माहिती असते.

मुखवट्याकडे पाहून नाव ठेवू नका

सापांच्या केसांची मेड्युसा, मद्यदेव बॅकसचा म्हातारा सोबती सायलेनस, द्राक्षवेलीत गुंफलेला खुद्द बॅकस, सिंहाचं तोंड हे चेहरे सुरईच्या मुठीवर दिसतात, पण बादलीच्या कानांवर, पेट्यांवर, पलंगांवर आणि तराजूच्या वजनांवरही दिसतात. पुढून पाहून निर्णय केला की निम्म्या वेळा फसगत होते. वस्तू उलटी करा.

सुरईच्या मुठीच्या खालच्या पानाची, म्हणजे मुखवटा असलेल्या रुंद टोकाची, मागची बाजू खोलगट असते, कारण ती गोल पोटावर बसायची असते. तिथे कानसेचे चरे असतात आणि बऱ्याचदा करडा, मऊ दिसणारा डाखाचा थर. मागची बाजू सपाट असेल आणि मधून खिळा किंवा खुंटी निघत असेल, तर ती बहुधा लाकडावर ठोकायची जडणी. मुखवट्याच्या डोक्यावर बादलीची झुलती कडी ओवायला भक्कम गोल भोक असेल आणि त्या भोकाची वरची कड आतून झिजलेली असेल, तर तो बादलीचा कान. झुलत्या कडीने ती झीज केलेली असते. डोकं चहूबाजूंनी पूर्ण घडवलेलं, आत शिसं भरलेलं आणि वर लहान कडी असेल, तर ते तराजूचं सरकतं वजन.

मुठीचं वरचं टोक आणखी बोलकं. तिथून दोन बाहू निघून सुरईच्या काठाला मिठी मारतात आणि त्यांची टोकं बदकाच्या किंवा हंसाच्या चोचीत संपतात. मधोमध अंगठा टेकवायचा उंचवटा असतो. झाकणाची सुरई असेल तर तिथेच बिजागरीचे कान दिसतात. बाहू वर आणि मुखवटा खाली, हीच मुठीची सरळ बाजू. छायाचित्रात ती उलटी छापली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मध्ययुगीन युरोपातल्या तीन पायांच्या ओतीव झाऱ्यांशीही घोटाळा होतो. त्यांचं अंग जाड असतं आणि तोटीला प्राण्याचं तोंड असतं. दुसरा घोटाळा अलीकडचा. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरातल्या भांड्यांच्या नकला एकोणिसाव्या शतकात नेपल्समध्ये राजरोस विकल्या जात; १८७० मध्ये सुरू झालेली तिथली किउरात्सी ओतशाळा याच कामासाठी प्रसिद्ध झाली. त्या फसवायला केल्या नव्हत्या, पण शंभर-सव्वाशे वर्षं बागेत किंवा माळ्यावर पडून त्यांवरही हिरवा रंग चढला आहे. मूळ वस्तूवरून साचा काढून ओतलेली नक्कल १ ते २ टक्के लहान भरते, म्हणून शक्य असेल तेव्हा प्रकाशित मोजमापांशी ताडून पाहा. केसांच्या बटांच्या कडा गुळगुळीत, बोथट दिसणं ही दुसरी खूण. हिरवा रंग अॅसिटोनच्या बोळ्याला लागला तर तो गंज नाही, लावलेला रंग आहे. ही चाचणीसुद्धा पुढून नको. मागच्या कोपऱ्यात, तीही डाखापासून दूर.

मुठीवरून भांड्याचा आकार काढताना

इथे थोडं थांबायला हवं, कारण नुसत्या मुठीवरून सुरईचं तोंड आणि पोट मोजता येतं आणि फार थोडे लोक ते करतात.

वरच्या बाहूंची आतली वक्रता म्हणजे काठाची वक्रता. बाहूंच्या टोकांमधलं सरळ अंतर घ्या, ती जीवा. त्या सरळ रेषेपासून कमानीच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचं अंतर घ्या, ती खोली. जीवेचा वर्ग भागिले खोलीची आठपट, अधिक खोलीचा अर्धा भाग: ही त्रिज्या. जीवा ५० मिमी आणि खोली १६ मिमी असेल तर त्रिज्या साधारण २७.५ मिमी, म्हणजे गळ्याच्या काठाचा बाहेरचा व्यास ५५ मिमीच्या आसपास.

खालच्या पानाच्या पाठीवरही हेच करता येतं, पण तिथे खोली फार कमी असते आणि चूक पटकन फुगते. जीवा ४० मिमी, खोली ४ मिमी धरली तर पोटाचा व्यास १०४ मिमी येतो. खोलीत फक्त एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर तोच व्यास ८५ मिमी किंवा १३६ मिमी निघतो. गंजाचा एक फोड किंवा उरलेला डाख एवढा फरक सहज करतो. म्हणून पोटाचा व्यास एकच आकडा म्हणून लिहू नका, पल्ला लिहा. जाड पुठ्ठ्यातून ४० ते ८० मिमी त्रिज्येच्या कमानी ५ मिमीच्या टप्प्याने कापून ठेवा आणि मागून उजेड धरून कोणती बसते ते पाहा. मोजपट्टीपेक्षा हे भरवशाचं.

नेहमी होणाऱ्या तीन गफलती. पहिली: मोजमाप आडव्या दिशेने घ्यायचं असतं, उभी वक्रता पोटाच्या फुगीरपणाची असते आणि तिची त्रिज्या वेगळी येते. दुसरी: काही सुरयांचं तोंड गोल नसून तीन पाकळ्यांचं असतं. तिथे बाहू मागच्या पाकळीलाच धरतात, तेव्हा निघालेली त्रिज्या त्या पाकळीची, सगळ्या तोंडाची नव्हे. तिसरी: नांगराने किंवा मातीच्या दाबाने मूठ वाकलेली असते. दोन बाहू सारखे नसतील तर हिशेब करू नका, तेवढंच नोंदवा.

नोंदीत वजन, मुठीची सरळ लांबी, बाहूंचा पसारा, पानाची उंची-रुंदी, आणि समोरून, पाठीमागून, बाजूने अशी तीन छायाचित्रं मोजपट्टीसह हवीत. पाठीमागचं छायाचित्र नसेल तर पुढच्या अभ्यासकाला तुमचा निर्णय तपासता येत नाही.

अख्खी सुरई मातीतून उचलताना

मुठीला धरून उचलू नका. डाख कधीच गेलेला असतो. मूठ फक्त मातीच्या आधाराने जागेवर असते. सभोवती १० सेंमी तरी मातीचा ठोकळा ठेवून तो मलमलीच्या पट्ट्यांनी गुंडाळा, खालून फळी सरकवा आणि ठोकळाच उचला. मग आधी क्ष-किरण चित्र घ्या, माती नंतर. सुटलेली बिजागरी, झाकणाचा खिळा, काठाचे तुकडे बहुधा त्याच ठोकळ्यात असतात.

आतली माती नळाखाली धुऊन टाकणं हे मोठं नुकसान. ती थराथराने काढून पिशव्यांत भरा आणि प्रत्येक पिशवीवर वरून किती खोलीची हे लिहा. आतून पांढरट, कडक थर चिकटलेला दिसला तर तो चुन्याचा असू शकतो. वारंवार पाणी तापवल्याची ती खूण. बुडाला काजळी असेल तर शंका जवळजवळ फिटते. ‘मद्याची सुरई’ ही चिठ्ठी लिहिण्याआधी हे पाहायलाच हवं. रोमन प्रांतांतल्या थडग्यांत सुरई आणि लांब दांड्याचं उथळ पात्र अशी जोडी सापडते, आणि ती हात धुण्याची जोडी म्हणून ओळखली जाते: सुरईतून पाणी ओतायचं, पात्रात झेलायचं. जवळजवळ मिळालेल्या अशा दोन वस्तूंना दोन वेगळ्या कपाटांत पाठवू नका.

धातूच्या तपासणीचा चुकीचा अर्थ

हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने मूठ तपासली, अंग तपासलं, धातूंच्या प्रमाणाचे आकडे जुळले नाहीत, म्हणून ‘मूठ दुसऱ्या सुरईची’ असा निष्कर्ष काढला जातो. मुळात ते जुळायला नकोतच. ओतीव मुठीत शिसं मुद्दाम घालत, कारण त्याने रस साच्याच्या बारीक नक्षीत नीट उतरतो. ठोकायच्या पत्र्यात मात्र शिसं नको, तो तडकतो. शिवाय यंत्र वाचतं ते पृष्ठभाग. जमिनीत तांबं झिरपून जातं आणि कथलाचं प्रमाण फुगलेलं दिसतं. आतून कल्हई असेल तर विचारूच नका. आकडा लिहिताना तो गंजावरचा की स्वच्छ धातूवरचा हे शेजारीच लिहा.

जस्ताबाबत एक जुना नियम सांगतात. रोमन पितळ कच्च्या जस्ताची वाफ तांब्यात मुरवून करत, आणि त्या रीतीने साधारण २८ टक्क्यांच्या पुढे जस्त जात नाही. म्हणजे ३५ टक्के जस्ताची ‘रोमन’ मूठ संशयास्पद. युरोपातल्या वस्तूंना हे चालतं. भारतीय उपखंडात मिळालेल्या वस्तूला मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये. तक्षशिलेच्या भीर टेकाडावरच्या एका जुन्या पात्रात ३४ टक्क्यांच्या आसपास जस्त नोंदलेलं आहे.

काळ ठरवताना

पाँपेई इ.स. ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणून तिथल्यासारखी मूठ दिसली की ‘इ.स. ७९ च्या आधीची’ असं लिहून मोकळं होण्याची सवय आहे. ७९ नंतरही तोच घाट दुसरीकडे घडत राहू शकतो, आणि घडलेलं भांडं पिढ्यान् पिढ्या वापरात राहतं. मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) मुशोव्ह इथलं, १९८८ मध्ये उघडलेलं राजघराण्याचं थडगं दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं, पण त्यातली काही भांडी त्याहून बरीच जुनी आहेत. घडवण्याचा काळ आणि पुरण्याचा काळ असे दोन रकाने ठेवा. एगर्स यांची १९५१ ची आणि तासिनारी यांची १९९३ ची, अशा रोमन भांड्यांच्या घाटांवरून केलेल्या वर्गवारी घडवण्याचा काळ सुचवतात. दुसरा रकाना फक्त थर आणि सोबतच्या वस्तू भरतात. डागडुजी दिसली, म्हणजे डाखाच्या जागी मागाहून मारलेला रिव्हेट किंवा पोटावर जुन्या मुठीची सावली, तर मधली वर्षं बरीच गेली असं समजा.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं उदाहरण याच ठिकाणी उपयोगी पडतं. १९४५ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांचं उत्खननही १९४५-४६ मधलंच. साठ्यातली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी मूर्ती आणि रोमन घाटाची सुरई इतकी गाजली, की सगळा साठाच रोमन असल्यासारखं बोललं जाऊ लागलं. अभ्यासक रिचर्ड डी पुमा यांनी १९९१ मध्ये एकेक वस्तू वेगळी करून दाखवलं, की आयात मोजकीच आहे आणि बाकीचं काम इथलं. साठ्याला एकच नाव देऊ नका. प्रत्येक वस्तूची घडण स्वतंत्र पाहा. बडोद्याजवळच्या आकोट्याची एरॉसची (ग्रीक प्रेमदेवाची) कांस्य मूठ ही तर आपल्या बाजूची सुट्या मुठीची नमुनेदार नोंद. सुरई नाही, मूठ आहे.

घासू नका

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, तारेचा ब्रश, काहीही नको. आम्लाने हिरवा थर जातो आणि त्यातच मूळ पृष्ठभाग असतो: डोळ्यांतली चांदी, तांब्याची जडवलेली रेघ, कातकामाची वर्तुळं, डाख. मागची बाजू ‘स्वच्छ’ केलेली मूठ ओळखीच्या दृष्टीने अर्धी गेली.

फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी उठत असेल आणि खाली खड्डे पडत असतील तर गंज जिवंत आहे. क्लोराइड, ओल आणि हवा एकत्र आली की हे चक्र सुरू होतं. शंका असेल तर गळून पडलेला कण (वस्तू नव्हे) ओल्या कापसासोबत बंद डबीत एक दिवस ठेवा. ताजे हिरवे ठिपके दिसले की खात्री. मग वस्तू हवाबंद पॉलिथिनच्या डब्यात, कोरड्या सिलिका जेलसोबत, ३५ टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवायची आणि डब्यात आर्द्रतामापक ठेवायचा. कोल्हापूर-कोकणातल्या पावसाळ्यात जेल किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधू नका. जेलचा रंग बदलला की जेल बदला. बेंझोट्रायझोलसारखी गंज रोखणारी रसायनं माणसाला अपायकारक आहेत, ती संवर्धकाच्याच हाती द्या. लाकडी खण, लोकरीचं फेल्ट आणि रबरबँड टाळा. लाकडातून आम्लाच्या वाफा येतात, लोकर आणि रबरातून गंधक, आणि धातू काळा पडतो.

कायद्याच्या बाजूने

इंग्लंड-वेल्समध्ये धातुशोधक यंत्र (डिटेक्टर) घेऊन फिरणाऱ्यांना अशा मुठी मिळत राहतात आणि १९९७ पासून सुरू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेत त्यांची नोंद होते. तिथल्या १९९६ च्या कायद्यात चांदीची सुरई ‘ट्रेझर’ (खजिना) ठरते: ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के मौल्यवान धातू. एकटी कांस्य मूठ आपोआप ठरत नाही; पण नाण्यांच्या साठ्यासोबत निघाली तर ठरू शकते, आणि २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या विशेष महत्त्वाच्या वस्तूही कक्षेत आल्या आहेत. म्हणून ‘कांस्यच आहे’ म्हणून गप्प बसू नये.

भारतात गोष्ट वेगळी. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, कुठे, कोणत्या तारखेला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. कळवताना जागा शेताच्या नावाने नव्हे, गट क्रमांक आणि खोलीसह लिहा, आणि वस्तू निघाली त्या खड्ड्यात पुन्हा हात घालू नका. सुरईचं अंग अजून तिथेच असण्याची शक्यता असते.