गूढ, गंभीर स्तोत्रगायन असलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत कसे शोधावे

खर्जातील सामूहिक स्तोत्रपठण, दगडी भिंतींत घुमत राहणारे सूर आणि अंगावर येणारी गूढता ज्यांना हवी असते, ते बहुधा शोधाच्या चौकटीत ‘डार्क’, ‘गॉथिक’, ‘चॅन्टिंग’ असे शब्द टाकतात. त्यांच्या पदरी मग चित्रपटांच्या जाहिरातींसाठी तयार केलेले धडधडते तुकडे किंवा तासन्‌तास चालणारी एकाच आवर्तनाची ध्वनिमुद्रणे पडतात. अभिजात संगीताची सूची भाववाचक विशेषणांनी लावलेली नसून रचनाकार, रचनाप्रकार आणि गायलेली संहिता यांच्या नावांनी लावलेली असते. त्यामुळे मनःस्थितीचे वर्णन बाजूला ठेवून संहितेचे नाव धरणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

पहिली पायरी: आपण काय ऐकले होते ते ठरवावे

‘स्तोत्रगायन’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगळे ध्वनी येतात: वाद्यांविना एका सुरात गायले जाणारे मठातील गायन, ढोल-तुतारींसह गर्जणारा मोठा गायकवृंद, आणि शब्द ओळखूच येऊ नयेत इतके एकमेकांत मिसळलेले स्वरांचे दाट पुंजके. यांपैकी कोणता हवा आहे हे ठरल्याशिवाय पुढचा शोध भरकटतो.

संगीत चित्रपटात ऐकले असेल, तर शेवटची श्रेयनामावली पाहावी. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधील थरकाप उडवणारे आवाज त्या चित्रपटासाठी रचलेले नव्हते, ते ग्यॉर्गी लिगेती यांच्या आधीच प्रसिद्ध असलेल्या रचनांमधले आहेत. उलट १९७६ च्या ‘द ओमेन’मधील लॅटिन गायन जेरी गोल्डस्मिथ यांनी खास चित्रपटासाठीच लिहिले. पहिल्या प्रकारात मूळ रचना शोधावी लागते, दुसऱ्या प्रकारात चित्रपटाच्या संगीताचा संच.

अनेकांच्या मनात असलेला तुकडा शेवटी कार्ल ऑर्फ यांच्या ‘कार्मिना बुराना’मधील ‘ओ फोर्तुना’ निघतो. १९३७ साली प्रथम सादर झालेली ही रचना प्रार्थना नव्हे. तिचे शब्द बव्हेरियातील एका मठात १८०३ साली सापडलेल्या मध्ययुगीन हस्तलिखितातील असून त्यात नियतीविषयीच्या तक्रारीइतकीच मद्य, वसंत आणि प्रेम यांची गाणी आहेत. त्यामुळे पहिल्या भागाच्या ओढीने संपूर्ण रचना ऐकणाऱ्याला मधला बराच भाग अगदीच आनंदी वाटेल.

दुसरी पायरी: संहितेच्या नावाने शोध घ्यावा

सर्वांत आधी ‘दिएस इरे’ हे नाव लक्षात ठेवावे. अंतिम न्यायाच्या दिवसाचे वर्णन करणारे हे तेराव्या शतकातील लॅटिन काव्य शतकानुशतके कॅथलिक अंत्यविधीच्या उपासनेत गायले जात होते आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (कॅथलिक चर्चच्या १९६२-६५ मधील धर्मसभेनंतरच्या) सुधारणांमध्ये ते तिथून वगळले गेले. प्रथम मठातील गायकांचे साधे, वाद्यविरहित ध्वनिमुद्रण ऐकावे. नंतर हेच शब्द मोत्सार्ट (१७९१), बर्लिओझ (१८३७) आणि वेर्दी (१८७४) यांनी आपापल्या ‘रिक्विएम’मध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या उपासनेच्या संगीतात, कसे हाताळले ते पाहावे. मात्र या तिघांनी मूळ चाल घेतलेली नाही, स्वतःची घातली आहे. त्यामुळे नाटय़ भरपूर मिळेल, पण स्तोत्रपठणाचा रंग कमी.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. ‘रिक्विएम’ हे नाव गडदपणाची हमी देत नाही: फोरे यांनी आपल्या रचनेत हे काव्य जवळजवळ पूर्णपणे गाळले, आणि द्युरुफ्ले यांची १९४७ ची रचना थेट ग्रेगोरियन चालींवर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जुन्या एकसुरी गायनावर, उभी असूनही तिचा स्वभाव सांत्वनाचा आहे. दुसरे असे की, ‘दिएस इरे’ची मूळ चाल पुष्कळदा फक्त वाद्यांवर येते. बर्लिओझ यांच्या ‘सिंफनी फांतास्तिक’च्या शेवटच्या भागात ती घंटानादासह ऐकू येते, पण तिथे एकही मानवी आवाज नाही, म्हणून रचनेच्या तपशिलात गायकवृंदाचा उल्लेख आहे का हे आधी तपासावे.

यानंतर ‘मिझेरेरे’, ‘दे प्रोफुन्दिस’ आणि ‘टेनेब्रे’ ही नावे शोधावीत. पहिली दोन स्तोत्रे बायबलमध्ये ५१ आणि १३० या क्रमांकांची आहेत. जुन्या लॅटिन क्रमात तीच ५० आणि १२९ ठरतात, त्यामुळे वेगळे आकडे दिसल्यास गोंधळू नये. ‘टेनेब्रे’ ही ईस्टरपूर्व सप्ताहातील उपासना असून तिच्यात मेणबत्त्या एकामागून एक विझवल्या जातात. तिच्यासाठी कार्लो जेसुआल्दो यांनी १६११ साली प्रसिद्ध केलेली गीते आजही अस्वस्थ करतात. त्यांनी पत्नीचा खून केला होता ही हकिगत त्यांच्याविषयीच्या लेखनात हटकून येते, परंतु ती बाजूला ठेवली तरी स्वरसंगतींची अनपेक्षित वळणे पुरेशी भयाण आहेत.

तिसरी पायरी: पूर्वेकडील चर्चपरंपरा वगळू नये

खोल पुरुषी आवाज हेच मुख्य आकर्षण असेल, तर लॅटिनपेक्षा चर्च स्लाव्हॉनिक या रशियन चर्चच्या जुन्या उपासनाभाषेतील संगीत अधिक समाधान देईल, असे माझे मत आहे. रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्ये वापरत नाहीत, म्हणून सगळा भार मंद्र सप्तकातील गायकांवर येतो. रॅखमनिनॉव्ह यांच्या १९१५ च्या ‘ऑल-नाइट व्हिजिल’चा पाचवा भाग यासाठी प्रथम ऐकावा, त्याच्या अखेरीस खालचे गायक एकेक पायरी उतरत अशा स्वरापर्यंत पोहोचतात की तो गाऊ शकणारे गळे मिळणे हीच अडचण असते. बायझंटाइन, म्हणजे ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेच्या, गायनात चालीखाली ‘इसॉन’ नावाचा एक अखंड स्वर धरलेला असतो, तानपुऱ्याच्या षड्जासारखा. फ्रान्समधील ‘आंसांब्ल ऑर्गानुम’ या गटाने प्राचीन रोमन स्तोत्रेही अशाच धरलेल्या स्वरावर गायली असून, गुळगुळीत ग्रेगोरियन ध्वनिमुद्रणांना कंटाळलेल्यांनी त्यांच्याकडे अवश्य वळावे.

चौथी पायरी: विसाव्या शतकाकडे यावे

लिगेती यांच्या ‘ल्युक्स एटर्ना’मध्ये (१९६६) सोळा आवाज वाद्यांविना गातात आणि शब्द चिरंतन प्रकाशाचे असूनही ध्वनी निर्जन अवकाशाचा वाटतो. संहितेवरून शोधण्याची पद्धत इथे अपुरी पडते. अशा वेळी रचनाकाराचे नाव उपयोगी येते. पेंदेरेत्स्की यांची ‘उत्रेन्या’, शेल्सी यांच्या ‘कोंक्स-ओम-पाक्स’मधील ‘ओम’चा घोष करणारा अंतिम भाग आणि स्त्राविन्स्की यांच्या ‘रिक्विएम कँटिकल्स’मधील ‘लिबेरा मे’, ज्यात चार गायक गात असताना उरलेला वृंद तेच शब्द पुटपुटतो, हे सगळे याच दिशेचे आहे. धर्मसंगीताबाहेरचे काही हवे असल्यास एस्टोनियाचे वेल्यो टॉर्मिस यांची ‘कर्स अपॉन आयर्न’ (१९७२) ऐकावी: शमनी ढोलाच्या ठेक्यावर गायकवृंद लोखंडालाच शाप देतो.

पाचवी पायरी: ध्वनिमुद्रण पारखून घ्यावे

एकाच रचनेची ध्वनिमुद्रणे फार वेगळी वाटू शकतात. स्टुडिओऐवजी चर्चमध्ये केलेले मुद्रण निवडावे, कारण या संगीताचा निम्मा परिणाम प्रतिध्वनीचा असतो. नावे रोमन लिपीत टंकावीत, रचनाकार आणि रचना दोन्ही लिहावीत, आणि भाग आपोआप उलटसुलट क्रमाने वाजणार नाहीत याची काळजी घ्यावी. आवाज एकसारखा करणारी सोय बंद ठेवलेली बरी: आर्वो पेर्ट यांच्या ‘मिझेरेरे’मध्ये अत्यंत मंद, थांबत-थांबत चाललेल्या गायनावर अचानक ‘दिएस इरे’ कोसळते, आणि दोन्हींची पातळी सारखी केली तर तो आघातच नाहीसा होतो.

एखादे मुद्रण मनापासून आवडले, की ॲपने सुचवलेल्या यादीपेक्षा त्यातील गायकगटाचे नाव धरून पुढे जावे. हिलिअर्ड आंसांब्ल या गटाने ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी पेर्ट यांची ‘पासियो’ गायली आहे. तेच गायक त्याच कंपनीच्या दुसऱ्या मुद्रणात जेसुआल्दोंची ‘टेनेब्रे’ गीते गातात, आणि आणखी एकात बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चसाठी पेरोतँ यांनी रचलेले चार आवाजांचे ‘विदेरुंत ओम्नेस’.