फार्मसीसाठी एक वर्ष थांबायचं असेल तर

बी. फार्मसाठी, म्हणजे फार्मसीच्या पदवीसाठी, वर्षभर थांबते म्हटल्यावर आमच्या धनकवडीच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. 2022 ला मी बारावी झाले. सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, 61 पर्सेंटाईल पडले आणि मी थांबले. आता शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर थांबून पुन्हा सीईटी द्यावी का, असं माझ्या मावसबहिणीने परवा विचारलं, तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी महिने मोजा. म्हणायला एक वर्ष, पण हातात तेवढं येत नाही. 2022 ची पीसीबीची (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची) सीईटी ऑगस्टमध्ये झाली होती आणि 2023 ची मेमध्ये. निकाल लागून मन थाऱ्यावर यायला ऑक्टोबर उजाडला, म्हणजे उरले सात महिने. 2025 ला तर पीसीबीचे पेपर 9 एप्रिललाच सुरू झाले. त्यामुळे "दिवाळीनंतर बसू अभ्यासाला" हे मनातून काढून टाका.

थांबायचं पक्कं करण्याआधी यंदाचा कॅपचा, म्हणजे एकत्रित प्रवेशप्रक्रियेचा, फॉर्म मात्र भरा. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर कॉलेजनुसार, प्रवर्गानुसार असतात, ते शांतपणे बघा. पुण्यातलंच कॉलेज हवं एवढ्याच हट्टापायी थांबत असाल तर कराड आणि अमरावतीच्या शासकीय कॉलेजांची फी एकदा बघा आणि आईबाबांनाही दाखवा. मी ते केलं नाही, आणि करायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

बोर्डाची परीक्षा पुन्हा द्यायची का, हे सगळेच विचारतात. बारावीला पीसीबीत 45 टक्के असतील (राखीव प्रवर्गाला 40) तर गरज नाही, सगळी ताकद सीईटीवर लावा. जुना स्कोअर मात्र पुढच्या वर्षी चालत नाही, परीक्षा नव्याने द्यावीच लागते. पेपर 200 मार्कांचा. बायोलॉजी 100, फिजिक्स आणि केमिस्ट्री 50-50. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात. पहिल्या वेळी मी अकरावीची पुस्तकं उघडलीच नव्हती, म्हणजे चाळीसेक मार्क जवळपास सोडूनच दिले होते. दुसऱ्या वेळी अप्पा बळवंत चौकातून बालभारतीची अकरावीची पुस्तकं जुनीच घेतली आणि बायोलॉजीची प्रत्येक आकृती हाताने काढली. क्लास लावला नाही. अभ्यासिकेत सकाळी सात ते एक बसायचे.

आणि दुपारी चार ते आठ मेडिकलमध्ये. हे मी अगदी कळकळीने सांगते: जमलं तर सहा महिने तरी एखाद्या मेडिकलमध्ये मदतीला जा. औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं, ते तुम्ही करायचं नाही. पण माल लावणं, मालाबरोबर आलेलं चलन ताडून बघणं, शॉर्ट बुक (संपत आलेल्या मालाची वही) लिहिणं, एक्सपायरीचा माल वेगळा काढणं ही कामं शिकता येतात. पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या काकांनी माझ्या हातातली कात्री थांबवली. गिऱ्हाईकाला चार गोळ्या हव्या होत्या आणि मी बॅच नंबर छापलेल्या बाजूनेच पट्टी कापायला निघाले होते. काका म्हणाले, "पोरी, ही बाजू गेली की उरलेल्या सहा गोळ्या मुक्या झाल्या. त्या कधी संपतात हे कोण सांगणार?" त्या दिवसापासून पट्टी हातात आली की आधी छापील बाजू शोधते.

तिथेच शेड्यूल एच वनचं, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीचं, रजिस्टर पाहिलं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. टीबीची औषधं, काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या काही गोळ्या त्यात येतात. इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये काका रोज थर्मामीटर बघत, दोन ते आठ अंशांच्या मध्येच काटा हवा. एकदा रात्री वीज गेली तर ते मित्रमंडळ चौकातून बर्फ घेऊन परत दुकानात आले. हे काम आपल्याला आयुष्यभर करायचंय की नाही, ते मला त्या फ्रिजपाशी कळलं. तुम्हाला कदाचित उलटंही कळेल. मग खुशाल दुसरी वाट धरा, वर्ष वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

कागदपत्रांवर लक्ष ठेवा. गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. माझं नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट आधीच्या वर्षी काढलेलं होतं, ते 31 मार्चला संपलं आणि मला पत्ताच नाही. ऐन जूनमध्ये रांगेत उभं राहावं लागलं. डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, सगळं जानेवारीतच फाइलला लावा आणि प्रत्येकावरची तारीख वाचा.

थांबणं घरच्या परिस्थितीमुळे शक्यच नसेल तर डी. फार्मचा, म्हणजे फार्मसीच्या पदविकेचा, विचार करा. दोन वर्षांचा कोर्स, प्रवेशाला सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कांवर होतो. पुढे बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझी एक मैत्रीण तशीच आली, आणि प्रिस्क्रिप्शन वाचण्यात ती आमच्या वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे.

सीईटी झाल्यावर निकालाची वाट बघत बसू नका. बारावीला गणित सोडलेल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथ्स येतं. लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह. मी मे-जूनमध्ये शेजारच्या दादाकडून लॉगॅरिदम शिकून घेतलं होतं, रोज अर्धा तास, त्यांच्या गच्चीवर. नोव्हेंबरमध्ये लॉगॅरिदम वापरून पीएच (द्रावणाची आम्लता) काढायची वेळ आली तेव्हा वही उघडावी लागली नाही.