स्मूदीत बर्फ नको, फळच गोठवा

स्मूदी पाणचट होते ती बहुतेकदा बर्फामुळे. त्यापेक्षा फळच गोठवा. केळ्याच्या सालीवर काळे ठिपके आले की सोलून चकत्या करा, ताटलीत सुट्या पसरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडक झाल्यावर डब्यात भरा, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. चिकू आणि आंब्याच्या फोडींचंही तसंच करावं. इतकं पिकलेलं फळ असताना साखर घालूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मिक्सरमध्ये आधी दूध किंवा दही, मग फळ. नाहीतर पातं नुसतंच फिरतं.

अननस, किवी आणि पपई मात्र दुधात घालून ठेवू नका. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळाने स्मूदी कडू लागते. गोठवल्याने हा गुण जात नाही. अननसाच्या फोडी ५ मिनिटं उकळून गार केल्या, तर जातो. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तो चालतो, फक्त पाक निथळून टाका. ताज्या अननसाला खरं तर शहाळ्याचं पाणी आणि पुदिन्याची चार पानंच शोभतात.