छोट्या वायरलेस स्कॅनरवर जुनी कागदपत्रं स्कॅन करताना

बॅगेत मावणारा, बॅटरीवर चालणारा स्कॅनर एक पान काही सेकंदांत ओढून घेतो. वेळ खातात ती आधीची आणि नंतरची कामं: कागद सुटे करणं आणि एकही पान गळलं नाही याची खात्री करणं. म्हणून स्कॅनर चालू करण्याआधी गठ्ठा हातात घ्या.

स्टेपल, टाचण्या, यू-पिना सगळ्या काढा. आत राहिलेली एक स्टेपल काचेवर चरा पाडायला पुरेशी असते. चिकटवलेल्या चिठ्ठ्या सोडवून वेगळ्या स्कॅन करा. त्यांचा गोंद रोलरला लागला की पुढची पानं अडकायला लागतात. दुमडलेले कोपरे उलट बाजूला हलकेच वळवून सरळ करा, फारच चुरगळलेलं पान रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा. पानाची एक कड फाटलेली असेल तर धड कड आधी आत घाला. पान उलटं आलं तरी बिघडत नाही, सॉफ्टवेअरमध्ये फिरवता येतं. तुकडे होण्याच्या बेतात असलेले कागद पारदर्शक कॅरिअर शीटमध्ये (कागद सांभाळणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात) घालूनच द्यावेत. शिवलेल्या वह्या आणि हात लावताच कडा झडणारे कागद मात्र अशा स्कॅनरला देऊच नका. ते काम सपाट काचेच्या स्कॅनरचं.

थर्मल कागदावरच्या पावत्या आपोआप फिकट होत जातात, त्यांचा नंबर पहिला. कार्बनलेस प्रती, म्हणजे कार्बन पेपर न घालता खालच्या पानावर उठणाऱ्या नकला, शेवटी घ्या, कारण त्यांच्यावरचं रसायन रोलरवर बसतं. आता कागद मोजा आणि पाठपोट किती, एकतर्फी किती, हे आकडे फाइलच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे हेच आकडे कामाला येतील.

वायरलेस जोडणीचे दोन प्रकार. एकात स्कॅनर स्वतःचंच वाय-फाय सुरू करतो आणि फोन त्याला जोडला जातो. राउटर नसेल तिथे ही सोय उत्तम, पण त्या वाय-फायवर इंटरनेट नसतं. 'इंटरनेट नाही' असं दिसलं की बरेच फोन ती जोडणी सोडून मोबाइल डेटावर किंवा ओळखीच्या दुसऱ्या वाय-फायवर उडी मारतात आणि स्कॅन मध्येच तुटतो. अशा वेळी मोबाइल डेटा बंद ठेवा. दुसऱ्या प्रकारात स्कॅनर आणि फोन दोघेही घरच्या किंवा कार्यालयाच्या राउटरला जोडायचे. इथे दोन अडचणी नेहमीच्या. कित्येक छोटे स्कॅनर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क ओळखतात, ५ गिगाहर्ट्झचं त्यांना दिसतच नाही. आणि पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर उपकरणांना सहसा एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, त्यामुळे सगळं जोडलेलं दिसूनही स्कॅनर 'सापडत नाही'. मोठा गठ्ठा असेल तर सरळ यूएसबी केबल लावा. बॅटरीची चिंता मिटते.

छापील मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, पुरतात. बारीक अक्षरं आणि फोटो ६०० वर घ्या, पण सगळंच ६०० वर घेण्यात शहाणपण नाही. ३०० डीपीआयवर ए४ पान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल भरतं. रंगीत आणि न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) असेल तर साधारण २६ एमबी. डीपीआय दुप्पट केले की पिक्सेल चौपट होतात. निळी सही, जांभळा शिक्का, शिसपेन्सिलीची टिपणं असलेली पानं रंगीतच घ्या. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात फिकट शिक्का पार गायब होतो. 'कोरी पानं वगळा' हा पर्याय बंद ठेवा. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ त्याला कोरीच वाटू शकते.

फाइल लहान करणाऱ्या सेटिंगबद्दल जरा सावध राहा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही कार्यालयीन यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८ येत होता. कारण होतं जेबिग२ नावाची दाबण्याची पद्धत. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच नमुना साठवून तो सगळीकडे वापरायचा, ही तिची युक्ती. चूक धूसर दिसत नाही, स्वच्छ छापलेली दिसते, म्हणून ती पकडणं अवघड. हिशेबाच्या कागदांना तरी सर्वाधिक दाबाची सेटिंग नको. दीर्घकाळ ठेवायचं असेल तर पीडीएफ/ए निवडा. हा प्रकार जपणुकीसाठीच ठरवलेला आहे.

प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येत असेल तर दोष कागदाचा नाही. सेन्सर जागचा हलत नाही, कागद त्याच्यावरून सरकतो. त्यामुळे काचेवरचा धुळीचा एक कण पानभर रेघ होऊन उमटतो. कोरा पांढरा कागद घालून पाहा. रेघ दिसली तर झाकण उघडा, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब घेऊन काच पुसा. काचेवर थेट फवारू नका. पुसूनही रेघ तिथेच राहिली तर तो बहुधा चरा आहे. अक्षरं कुठे चेपलेली, कुठे ताणलेली दिसत असतील तर कागद घसरतोय. रोलर हाताने फिरवत चहूबाजूंनी पुसा. दोन पानं एकदम जात असतील तर गठ्ठा पंख्यासारखा पसरवून कागद मोकळे करा आणि एका वेळी कमी पानं ठेवा.

ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर करणारी सोय, चालवण्याआधी भाषा निवडा. इंग्रजी ठेवून देवनागरी पान दिलंत तर निव्वळ कचरा हाती येतो. पान तिरकं आलं तर शिरोरेषाही तिरकी होते आणि ओळखण्यात चुका वाढतात, म्हणून पान आधी सरळ करून घ्या. हस्ताक्षराकडून फार अपेक्षा नको. तिथे फाइलचं नावच शोधायला कामी येतं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. '२०१९-०४-१२-घरपट्टी-पावती' अशी नावं तारखेच्या क्रमाने आपोआप लागतात.

शेवटी पानांची संख्या कव्हरवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. चाळीस पाठपोट कागदांची ऐंशी पानं झाली पाहिजेत. अठ्ठ्याहत्तर आली तर कुठेतरी दोन कागद एकत्र गेलेत. फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. स्टॅम्प पेपर, खरेदीखत, मूळ प्रमाणपत्रं स्कॅन झाली तरी फाडायची नाहीत. बाकीचे कागदही प्रती उघडून पाहिल्याशिवाय रद्दीत टाकू नका.