बांधाचा ठराव : ग्रामसभेआधीची तयारी

बांध, ओढ्याचा काठ आणि गायरान इथे तणनाशक मारायचं नाही आणि देशी वाणांची बियाणे बँक करायची, असा ठराव ग्रामसभेत आणायचा तर आधी ग्रामपंचायतीतून लोक जैवविविधता नोंदवही मागा, म्हणजे गावातली वाणं, झाडं यांची नोंद असलेली वही. ती कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सापडायला दोन फेऱ्या होतात. आमची वही बाहेरून आलेल्या मंडळींनी दोन दिवसांत भरली होती. भाताची वाणं दोनच, आणि शिवारात कधी न उगवलेली झाडं मात्र पानभर! शेतीची पानं म्हाताऱ्या माणसांसोबत बसून दुरुस्त करा. २००२ च्या कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समितीही असतेच. सदस्य कोण ते विचारून घ्या, कधीकधी सदस्यालाच ठाऊक नसतं.

निंदणीच्या बायांना सभेला या म्हणून भागत नाही, त्यांची मजुरी बुडते. भाकरी सोडायच्या वेळी तुम्हीच बांधावर जा. कुर्डू, घोळ, तांदुळजा या रानभाज्या कुठे मिळायच्या आणि तणनाशक मारायला लागल्यापासून कुठला बांध उघडा पडला, हे त्या बोटाने दाखवतात. त्यांचं म्हणणं महिला ग्रामसभेत नोंदवून घ्या. शेतात मेंढ्या बसवणारे फिरते धनगर गावचे मतदार नसतात, म्हणून त्यांच्या तळावर वेगळं जाऊन या. तणनाशकं विकणाऱ्या दुकानदारालाही बोलवा. न बोलावलं तर तो बाहेर उभा राहून सभा मोडेल.

‘निंदणीची मजुरी कोण देणार?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. म्हणून सगळ्या शेतात फवारणी बंद असा ठराव मांडूच नका. बांध, ओढ्याचा काठ आणि गायरान एवढंच धरा.

सभेत टेबलावर देशी वाणांच्या बरण्या ठेवा, नाव आणि बियाणं कुणाच्या घरचं ते चिकटवून. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवता येतं, हे बरणी हातात देऊनच सांगा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, हे निम्म्या गावाला माहीत असतं. बाकीच्यांना सांगायला शेजारी बसलेले असतातच.

१५ ऑगस्टची सभा टाळा. झेंडावंदन झालं की माणसं पांगतात. २ ऑक्टोबरची धरा, तेव्हा विकास आराखड्याची चर्चा असते आणि बियाणे बँकेसाठी तरतूद मागता येते. विषय नोटिशीत छापून आला का ते पाहा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती. ठराव झाला की सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या आणि एक प्रत सहाय्यक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या कृषी सहाय्यकाच्या) हातात द्या, पोच घेऊन.